पृष्ठभागातील श्लेष

पिकासोच्या १९१२ मधील ‘वेताच्या खुर्चीसह स्थिरचित्र’ या कोलाजची चर्चा साहित्याभ्यासक बहुधा त्यातील ‘जे-ओ-यू’ या तीन रोमन अक्षरांपासून सुरू करतात. ‘जुर्नाल’ म्हणजे वृत्तपत्र, या शब्दाचा हा तुटका आरंभ; त्यातच ‘जुए’, म्हणजे खेळणे, हे क्रियापदही ऐकू येते. ही श्लेषचिकित्सा चुकीची नाही, पण उतावीळ आहे. खरा श्लेष पृष्ठभागात आहे. वेताची वीण पिकासोने विणली नाही, रंगवलीही नाही. तो छापील मेणकापडाचा चिकटवलेला तुकडा आहे. डोळ्यांना खडबडीत वाटणारा पोत प्रत्यक्षात सपाट आहे. (संग्रहालयात हात लावता येत नाही, त्यामुळे ही थट्टा कायम अपुरीच राहते.) मेणकापडावरूनच तैलरंगाचे फटकारे गेले आहेत आणि लंबवर्तुळाकार चित्राभोवती चौकटीच्या जागी खराखुरा दोर आहे. यंत्राने केलेले अनुकरण, हाताने केलेले चित्रण आणि प्रत्यक्ष वस्तू अशी वास्तवाविषयीची तीन विसंवादी विधाने येथे एकत्र नांदतात. त्यांतले सर्वांत हुबेहूब अनुकरण कारखान्याचे आहे, चित्रकाराचे नव्हे. अनुकृतिसिद्धान्ताला बसलेला हा धक्का निव्वळ शब्दखेळ म्हणून वाचला, तर आंतरमाध्यमी म्हणवणारा अभ्यासही शब्दकेंद्रीच उरतो.