हाकलण्याचा अधिकार

आमच्या तालुक्याच्या गावी एक साहित्यमंडळ आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी समाजमंदिरात पंचवीस-तीस माणसे जमतात, कविता वाचल्या जातात, वाद होतात. या मंडळाच्या घटनेत एक दुरुस्ती आली आहे. मंडळाच्या हितास बाधक वर्तन करणाऱ्या सभासदास काढून टाकण्याचा अधिकार अध्यक्षांस राहील व त्यांचा निर्णय अंतिम असेल, असे ती म्हणते. दुरुस्ती मांडणारे माझे मित्र आहेत आणि अध्यक्ष सध्या मीच आहे. म्हणजे हा अधिकार मला मिळायचा आहे. तेव्हा या एका वाक्याची समीक्षा करणे मला भाग आहे.

दुरुस्तीमागचे कारण खोटे नाही. एक सभासद वर्षभर कोणाला धड बोलू देत नाहीत. माझ्याच वर्गातल्या एका मुलीने आपली पहिली कविता वाचली, तेव्हा या गृहस्थांनी तिची पोटजात काढली. लोक हसले. मी अध्यक्षस्थानी होतो, आणि 'पुढची कविता' एवढेच म्हणालो. ती मुलगी पुन्हा आली नाही. तिला कोणी काढले नव्हते, कसला ठराव झाला नव्हता, तरी ती बाहेर गेली. अध्यक्ष गप्प बसतो तेव्हाही कोणी तरी हाकलले जातेच, आणि ते नेहमी दुबळे माणूस असते. आविष्कारस्वातंत्र्याच्या नावाखाली कोणालाच आवरू नये असे म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनी या मुलीचा हिशेब दिलेला नाही.

मग दुरुस्ती मला का खुपते? 'हितास बाधक' हे शब्द आमच्या घराने पूर्वी ऐकले आहेत. माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या भावकीने मेलेली ढोरे ओढायचे नाकारले, तेव्हा गावच्या रिवाजास बाधा आली असे चावडीवर ठरले. दुसऱ्या दिवशी वाण्याने मीठ दिले नाही, गिरणीवाल्याने दळण घेतले नाही, शेतावरची मजुरी बंद झाली. आजी सांगे, जाते घरात होते, पण दळायला दाणे हवेत ना! कोणी कोणाला काठी मारली नाही. आणि तुमचे म्हणणे काय, असेही कोणी विचारले नाही. बाबासाहेबांनी पहिल्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांसाठी संरक्षणे मागताना बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा अशी मागणी केली, आणि तिचा मसुदा बर्माच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतला. हे शस्त्र काय आहे हे त्यांना नेमके ठाऊक होते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि ९ जानेवारी १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो कायदा रद्द केला. हा निकाल आमच्या साहित्याच्या अभ्यासकांनी वाचायला हवा. बहुमताची मांडणी अशी, की पंथाची श्रद्धा आणि शिस्त टिकवायची तर प्रमुखाकडे माणूस बाहेर काढण्याचा अधिकार असणे धर्माचाच भाग आहे. त्यामुळे त्या माणसाचे नागरी हक्क गेले तरी अधिकार बाधित होत नाही. एकटे सरन्यायाधीश सिन्हा वेगळे बोलले. बहिष्कृताला समाजाची मशीद नाही, दफनभूमी नाही. तो आपल्याच माणसांत अस्पृश्य होतो, आणि अस्पृश्यता तर संविधानाच्या सतराव्या कलमाने संपवली आहे, हा त्यांचा मुद्दा. चौघांची नजर गादीवर बसलेल्याकडे आहे, एकाची दारातून बाहेर पडणाऱ्याकडे. कायद्याचा तपशील मला पुरता कळतो असा माझा दावा नाही, पण कथेचे निवेदन कोणाच्या बाजूने चालले आहे एवढे मराठीच्या शिक्षकाला कळते. पुढे १९८६ साली या निकालाच्या फेरविचारासाठी याचिका झाली, आणि २०२३ साली तो प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे.

हे दुखणे प्रस्थापितांचेच आहे असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. १९७२ साली इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला. दलित पँथर जन्मली त्या संतापात बावडा होते. त्याच पँथरमध्ये दोन वर्षांत मार्क्स की बुद्ध, वर्ग की वर्ण हा वाद पेटला. वाद मोठा होता, आवश्यकही होता. पण तो १९७४ साली नामदेव ढसाळांना संघटनेतून काढून निकालात काढला गेला. ७ मार्च १९७७ रोजी राजा ढाले यांनी पँथर बरखास्त केल्याचे जाहीर केले. ते न मानणाऱ्यांनी भारतीय दलित पँथर चालवली. कोण बरोबर होते, याचा निवाडा मी येथे करीत नाही. माझे म्हणणे एवढेच, की माणूस काढला गेला आणि प्रश्न तसाच राहिला. आजही आमच्या परिसंवादांत तोच प्रश्न तितक्याच अर्धवट अवस्थेत उठतो.

तरीही सभा चालवायची तर कोणाला तरी 'बसा' म्हणता आले पाहिजे. आपल्या विधानसभेचा नियम या बाबतीत शहाणा आहे. गोंधळ घालणाऱ्या सदस्याला अध्यक्ष त्या दिवसापुरते बाहेर काढू शकतात. पुन्हा तसे घडले तर उरलेल्या अधिवेशनापुरते. जुलै २०२१ मध्ये सभागृहाने ठराव करून बारा आमदारांना एकदम वर्षभरासाठी निलंबित केले, तेव्हा २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अधिवेशनापलीकडचे ते निलंबन अवैध ठरवले. शिस्तीसाठी दिलेल्या अधिकाराला मुदत असते. ती ओलांडली की अधिकार चावडीचा होतो.

म्हणून मी दुरुस्ती बदलून मांडतो आहे. त्या दिवसापुरते उठवण्याचा अधिकार मला द्या. तो मी वापरीन. त्या मुलीच्या वेळी वापरायला हवा होता. त्याहून अधिक काही करायचे तर आरोप लेखी द्यावा, त्या माणसाचे ऐकावे, आणि निर्णय तक्रार करणाऱ्यांनीही घेऊ नये आणि मीही घेऊ नये. सभासदत्व किती महिने थांबवायचे ते लिहावे. 'अंतिम' हा शब्द खोडावा. 'हित' कोणाचे, तेही कोणी तरी लिहून दाखवावे.

मित्र रागावले आहेत. एवढा काथ्याकूट करायला तू वकील आहेस का, असे एकाने विचारले. येत्या रविवारी मतदान आहे. सभेची सूचना मी सगळ्यांना पाठवली आहे, त्या गृहस्थांनाही. मुलीच्या घरी मात्र स्वतः जाऊन आलो. तिची आई दारातच म्हणाली, "सर, तुम्ही तर तिथंच होतात ना?"