नाते, भूमी आणि विस्थापन

डॉ. इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांच्या संशोधनाचे मूल्यमापन करताना भारतातील नातेसंस्थेवरील त्यांचा १९५३ चा इंग्रजी ग्रंथ केंद्रस्थानी ठेवला जातो. जाई निंबकर यांच्यासह केलेली कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी (१९६९) मात्र परिशिष्टवजा मानली जाते. हा क्रम पुन्हा तपासून पाहण्याजोगा आहे.

पहिल्या ग्रंथाचे सामर्थ्य त्याच्या पद्धतीत आहे. निरनिराळ्या भाषांतील नातेवाचक शब्द जमवून इरावतीबाईंनी देशाचे चार विभाग कल्पिले आणि विवाहरीतीशी शब्दांची सांगड घातली. अशा पद्धतीने मराठी शब्दव्यवहाराकडे पाहता त्याचा अर्थ उलगडतो. मराठी सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणते. हे संबोधन मामाची मुलगी करण्याच्या रीतीशी जुळते. कारण अशा विवाहात वधूची सासू ही तिची आत्याच असते.

तथापि या मांडणीत माणसे आपापल्या प्रदेशी स्थिर आहेत, असे एक गृहीत आहे. भाषेचा विभाग शेकडो मैलांचा असेल; सोयरीक मात्र जाण्यायेण्याच्या टापूतील गावांवर टिकते. १९६० नंतरच्या दशकात कोयनेच्या जलाशयाने हा टापूच मोडला. पुनर्वसनाचा हिशेब खातेदार व कुटुंब या एककांत होतो. आत्याचे गाव कोठे गेले, याला त्यात रकाना नसतो. म्हणून कोयनेची पाहणी हे परिशिष्ट नव्हे. ती पहिल्या ग्रंथातील गृहीताची कसोटी होय.

पाहणीनंतर वर्षभरातच इरावतीबाईंचे निधन झाले. या दोन ग्रंथांचा सांधा जुळविण्याचे काम आता भाषाभ्यासकाचेही आहे. धरमतर खाडी ज्या रायगड जिल्ह्यात आहे, तेथेही कोयनेची काही कुटुंबे वसविली गेली. घाटावरची बोली घेऊन आलेल्या या माणसांचा शेजार खारेपाटातील आगरी बोलीशी झाला. ‘आत्याबाई’ हा शब्द त्यांच्या घरांत उरला काय, आणि उरला असल्यास त्यामागील नाते उरले काय, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. पहिल्याचे उत्तर शब्दसूचीतून मिळेल. दुसऱ्यासाठी माणसांकडेच जावे लागेल. विस्थापनाच्या वेळी जे विशीत होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.