बालनाट्य आणि प्रेक्षक : स्लेड व स्पोलिन यांच्या भूमिका

मराठीत ‘बालनाट्य’ ही एकच संज्ञा दोन भिन्न गोष्टींना लावली जाते. मुलांसाठी रंगभूमीवर सादर होणारे नाटक हा तिचा एक अर्थ. मुलांनी स्वतः केलेले नाट्य हा दुसरा. सुधा करमरकर यांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ स्थापन करून पहिल्या अर्थाच्या बालनाट्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. दुसऱ्या अर्थाचा विचार करताना मात्र प्रथम एका प्रश्नाचा निर्णय व्हावा लागतो : मुलांच्या नाट्यास प्रेक्षक असावा की नसावा? पीटर स्लेड यांचा ‘चाइल्ड ड्रामा’ (१९५४) आणि व्हायोला स्पोलिन यांचा ‘इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर’ (१९६३) हे ग्रंथ या प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे देतात.

स्लेड यांच्या मते मुलांचे नाट्य ही प्रौढांच्या नाटकाची अपुरी नक्कल नसून ती एक स्वतंत्र कला आहे. तन्मयता आणि प्रामाणिकपणा हे तिचे प्राण होत. चौकटीच्या रंगमंचावर लहान मुलास उभे केले की ही तन्मयता भंगते आणि दिखाऊपणा सुरू होतो. आपल्याकडील भातुकली आठवली म्हणजे या मताचे मर्म ध्यानी येते. भातुकलीत पाहणारा कोणीच नसतो. जो येतो तो पाहुणा होऊन खेळातच सामील होतो.

स्पोलिन यांची भूमिका वेगळ्या अनुभवातून घडली. शिकागोच्या हल हाउसमध्ये नेव्हा बॉइड यांच्याकडे त्यांनी सामूहिक खेळांचे शिक्षण घेतले. पुढे १९३९ ते १९४१ या काळात त्याच शहरातील शासकीय मनोरंजन-प्रकल्पात नाट्यविभागाचे काम करताना, निरनिराळ्या देशांतून आलेल्या कुटुंबांतील मुलांना एकत्र आणणारे नाट्यखेळ त्यांनी रचले. स्पोलिन प्रेक्षकास नाट्याचे आवश्यक अंग मानतात. परंतु शाबासकी आणि नापसंती यांची अपेक्षा हा उत्स्फूर्ततेचा सर्वांत मोठा शत्रू होय, असेही त्या बजावतात.

ही दोन विधाने परस्परांशी कशी जुळतात, हे त्यांच्या काल्पनिक रस्सीखेचीच्या खेळावरून स्पष्ट होते. दोन खेळाडूंनी नसलेला दोर ओढावयाचा असतो. एकाने ओढले की दुसऱ्याचा तोल जावा. दोर दोघांच्यामध्ये ताणलेला राहावा. त्यांपैकी एकाने हशा मिळविण्यासाठी गडबडा लोळण्याचे सोंग केले, तर दोर त्या क्षणी नाहीसा होतो. खेळ संपल्यावर पाहणाऱ्या सवंगड्यांना ‘कोणी चांगले केले?’ असे विचारावयाचे नसते. ‘दोर दिसला काय?’ एवढेच विचारावयाचे असते. पाहणाऱ्यांचीही पाळी लगेच यावयाची असल्याने त्यांचे पाहणे हे न्यायाधीशाचे राहत नाही.

यावरून स्लेड यांच्या सिद्धान्तातील उणीव कळून येते. तन्मयता खरी असूनही ती दुसऱ्यापर्यंत पोहोचली की नाही, हे पाहणाऱ्यावाचून ठरत नाही. आणि किशोरवयीन मुलास नेमकी हीच ओढ लागलेली असते. परंतु स्पोलिन यांची भूमिकाही निर्वेध नाही. त्यांचे पुत्र पॉल सिल्स यांनी हेच खेळ शिकागोत १९५५ साली ‘कंपास’मध्ये आणि १९५९ साली ‘सेकंड सिटी’त नेले. तिकीट काढून आलेल्या प्रौढांचा हशा हा तेथे यशाचा स्वाभाविक निकष ठरला. तेच खेळ विनोदाची ही कीर्ती घेऊन मुलांच्या वर्गात परततात आणि वर्गाच्या अखेरीस पालकांसमोर प्रयोग ठरतो, तेव्हा स्पोलिन यांनी दाराबाहेर घालविलेली शाबासकी खिडकीतून आत येते. हजरजबाबी मूल पुढे सरकते. दोर निष्ठेने धरून ठेवणारे अबोल मूल मागे पडते. पाठांतराच्या नाटकात त्या मुलास निदान लेखकाने दिलेले वाक्य तरी असते. येथे तेही नसते. उत्स्फूर्त नाट्य म्हणजे आपोआप मुक्त नाट्य, ही समजूत म्हणूनच तपासून घेणे आवश्यक आहे.

तात्पर्य, प्रेक्षक असावा की नसावा यापेक्षा तो कोणत्या नात्याने बसला आहे, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. स्लेड यांचा आक्षेप परीक्षक-प्रेक्षकास लागू पडतो. स्पोलिन यांचा स्वीकार सहखेळाडू-प्रेक्षकापुरता सार्थ ठरतो. लहान मुलांच्या वर्गात स्लेड यांचा निषेध पाळावा, मोठ्यांच्या वर्गात स्पोलिन यांचा सवंगडी-प्रेक्षक आणावा, आणि पालकांस बोलवावयाचेच असेल तर त्यांच्याही हाती दोराचे एक टोक द्यावे, असाच या दोन ग्रंथांच्या एकत्र वाचनाचा निष्कर्ष निघतो.