अडखळणारी चित्रफीत आणि रॅमचा रामबाण

शाळेतल्या संगणकावर चित्रफीत अडखळू लागली की सल्ला ठरलेला असतो. रॅम वाढवा. त्याने भागले नाही तर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. तेही झाले की ग्राफिक्स कार्ड घाला, आणि शेवटी, "सर, हा आता म्हातारा झाला, नवाच घ्या." पालघरच्या दुकानात विचारा, बोईसरला विचारा किंवा थेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन विचारा, पायऱ्यांचा क्रम बहुधा हाच. सल्ला देणारे सगळेच नफ्यासाठी बोलतात असे नव्हे; पुष्कळदा तो मनापासून दिलेला असतो. पण रुग्णाची नाडी न पाहता औषध लिहून द्यावे तसा हा प्रकार आहे, आणि औषधाचे पैसे शाळेच्या तुटपुंज्या निधीतून जातात. म्हणून या सल्ल्याची जरा परीक्षा करू.

आधी हे पाहू, की यात बिघडते काय. पडद्यावर एक गोल तबकडी फिरते आहे आणि तिच्या कडेला एकच लाल ठिपका आहे अशी चित्रफीत घ्या. तबकडी सेकंदाला १० फेऱ्या करते आणि चित्रफितीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे चित्रचौकटी, आहेत. प्रत्येक फ्रेममागे ठिपका १४४ अंश पुढे जातो. आता दमलेल्या संगणकाने एकाआड एक फ्रेम गाळली तर दर दिसणाऱ्या फ्रेममागे तो २८८ अंश पुढे जाईल, आणि डोळ्याला जवळचा मार्ग दिसतो, म्हणजे ७२ अंश मागे. तबकडी उलटी फिरताना दिसेल! विज्ञान शिकवण्यासाठी लावलेली चित्रफीत विज्ञानच उलटे दाखवील, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला हे यंत्राचे अपंगत्व आहे हे कळायला मार्ग नसेल. लंबक, तरंग, टक्कर या सगळ्यांबाबत कमीअधिक हेच. अडखळणे हा निव्वळ रसभंग नाही.

हे दूरचित्रवाणीवर का होत नव्हते? पुण्याच्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम अनेकांना आठवत असतील. १९८४ मध्ये सुरू झालेली ती संस्था २०१७ मध्ये बंद पडली. ते कार्यक्रम दूरदर्शनवर लागत तेव्हा हवामानामुळे मुंग्या दिसत, पण चित्र अडखळत नसे. कारण त्या जुन्या संचाला आकडेमोड करायचीच नव्हती. रेघ आली की दाखवायची, पुढची आली की ती दाखवायची. संगणकावरच्या चित्रफितीचे तसे नाही. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० ठिपके असतात. रंगाची नेहमीची काटकसर धरूनही एक फ्रेम सुमारे ३१ लाख बाइटची होते, आणि सेकंदाला २५ फ्रेम म्हटल्यावर जवळजवळ ७८ मेगाबाइट. प्रत्यक्षात मात्र सेकंदाला अर्धा मेगाबाइट एवढ्यातच काम भागते. म्हणजे माहिती दीडशे पटींहून अधिक दाबून पाठवलेली असते.

हे दाबणे कसे चालते? वर्गातल्या हजेरीसारखे. मुरलेला शिक्षक साठ नावे पुकारत नाही, "आज कोण आले नाही?" एवढेच विचारतो. चित्रफितीतही आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदलले तेवढेच लिहिलेले असते, आणि पूर्ण चित्र पुन्हा उभे करण्याचे काम आपल्या संगणकाचे. त्यासाठी त्याला दर फ्रेमला फक्त ४० सहस्रांश सेकंद मिळतात. तेवढ्यात जमले नाही तर बहुतेक खेळवणारे प्रोग्रॅम आवाज तसाच पुढे नेतात आणि फ्रेम गाळतात.

दाबण्याच्या रीती बदलत गेल्या आहेत. २००३ मध्ये एच.२६४ ही रीत आली, २०१३ मध्ये एचईव्हीसी आणि व्हीपी९, २०१८ मध्ये एव्ही१. प्रत्येक नवी रीत फाइल आणखी लहान करते, पण उलगडण्याचे कष्ट वाढवते. पाठवणाऱ्याची वाहतूक वाचते (आपलाही थोडा डेटा वाचतो, हे कबूल), आणि हमाली आपल्या संगणकाच्या पाठीवर येते. २००६-०७ चा कोअर टू ड्युओ प्रोसेसर एच.२६४ मधली ७२० ओळींची चित्रफीत सहसा निभावून नेतो. तीच चित्रफीत १०८० ओळींची आणि व्हीपी९ मधली असेल तर तो घामाघूम होतो. यूट्यूब बऱ्याच वेळा व्हीपी९ किंवा एव्ही१ पुढे करते. म्हणून एकच पाठ पेन ड्राइव्हवरून सुरळीत चालतो आणि इंटरनेटवरून अडखळतो, तेव्हा दोष नेहमी इंटरनेटचाच असतो असे समजू नका.

आता सल्ल्याकडे वळू. रॅम आधी. दोन जीबी रॅम असलेल्या यंत्रावर ब्राउझर उघडला की जागा संपते, संगणक हार्ड डिस्कवर उसनवारी करू लागतो आणि सगळेच रखडते. तिथे रॅम वाढवणे अगदी योग्य. पण चार जीबी असताना, एकच चित्रफीत चालू असताना आणि हार्ड डिस्कचा दिवा शांत असताना ती आठ करून चित्रफितीला काही मिळत नाही. धान्याचे कोठार मोठे केल्याने जाते जलद फिरत नाही.

एसएसडीबद्दल तर गैरसमजच जास्त. चित्रफितीला सेकंदाला अर्धा मेगाबाइट लागतो आणि जुनी हार्ड डिस्कही त्याच्या कितीतरी पट देते. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली पाच मिनिटे संगणक सुरू होण्यात जात असतील तर एसएसडी जरूर बसवा, तो पैसा वसूल आहे. पण तबकडी उलटी फिरत असेल तर ती एसएसडीने सुलटी होणार नाही.

ग्राफिक्स कार्डाचा सल्ला सर्वांत फसवा, कारण तो अर्धा खरा आहे. उलगडण्याचे काम प्रोसेसरकडून काढून त्याच कामासाठी घडवलेल्या मंडलाकडे द्यायचे, हा विचार उत्तमच. पण ते मंडल कोणती रीत जाणते? एनव्हिडियाचे जीटी ७१० हे स्वस्त कार्ड शाळांच्या वाट्याला पुष्कळदा येते. ते एच.२६४ स्वतः उलगडते, पण व्हीपी९ आले की काम गुपचूप प्रोसेसरकडे परत करते. २०१७ चे जीटी १०३० एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही जाणते, एव्ही१ मात्र नाही. इंटेलच्या प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सबाबतही पिढी पाहावी लागते: व्हीपी९ पूर्णपणे यंत्रणेनेच उलगडण्याची सोय साधारण २०१७ च्या पिढीपासून आली. दुकानात "कार्ड किती जीबीचे?" असे न विचारता "हे व्हीपी९ उलगडते का?" असे विचारा. उत्तर आले नाही तर घाई करू नका. आणि अरुंद खोक्याचा संगणक असेल तर कार्डाची उंची मोजूनच पैसे द्या.

या साऱ्या सल्ल्यांत एक गोष्ट नसतेच, ती म्हणजे उष्णता आणि हवा. सातपाटी, केळवे, चिंचणी, दांडी ही किनाऱ्यावरची गावे. खारी दमट हवा, पत्र्याखालची खोली, वर्षानुवर्षे न उघडलेले खोके. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा नमदा बसतो, उष्णता वाहून नेणारा लेप वाळून खडूसारखा होतो. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. याची खूण सोपी आहे: चित्रफीत पहिली दहा मिनिटे झकास चालते आणि मग रडू लागते. इलाज मऊ ब्रश आणि ताजा लेप, खर्च दोन-चार चहांचा. रॅमच्या पट्टीची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसायची युक्ती दुरुस्तीवाले करतात, तिलाही खाऱ्या हवेत अर्थ आहे. अर्थात, आधी वीज तोडून.

खुणांचे म्हणाल तर त्या वाचायला शिकणे हीच निम्मी दुरुस्ती. आवाज नीट आणि चित्र तुटक असेल तर उलगडण्याचे काम झेपत नाही. दोन्ही थांबून गोल चक्र फिरत असेल तर इंटरनेट. डिस्कचा दिवा सतत पेटलेला असेल तर रॅम अपुरी. यूट्यूबवर चित्रावर उजवी कळ दाबून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" उघडले की कोणती रीत वापरली आहे आणि किती फ्रेम गळल्या हे आकड्यांत दिसते. व्हीएलसीमध्येही गळलेल्या फ्रेमची मोजणी मिळते. बारावीच्या मुलांना हे काम द्या. दुरुस्तीआधी आणि नंतर त्यांनीच आकडे टिपावेत.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय कोणी सुचवत नाही: कमी मागा. शाळांतले बरेच प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचे असतात. त्यावर रुंद चित्रफीत फक्त १०२४ बाय ५७६ एवढीच उमटते, म्हणजे ५,८९,८२४ ठिपके. संगणक २० लाख ठिपके धापा टाकत तयार करतो आणि त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश पडद्यावर पोचण्याआधीच फुकट जातात. ४८० ओळींची चित्रफीत घेतली तर काम सुमारे एक पंचमांश होते. मुलांना अस्पष्ट दिसेल ही भीती मोजून पाहा. दीड मीटर रुंद चित्राची उंची ८४ सेंटिमीटर. ४८० ओळी म्हणजे एका ओळीला १.७६ मिलिमीटर. निरोगी डोळा एक कला एवढ्या कोनातला फरक ओळखतो, आणि सहा मीटरवर एक कला म्हणजे १.७५ मिलिमीटर. सहा मीटरवरच्या बाकासाठी ४८० ओळी डोळ्याच्या मर्यादेपर्यंत पुरतात! पहिल्या बाकावरच्यांना थोडे ठिपके दिसतील, ते दिसू द्या. बोईसरकरांना हा विचार परका नसावा. शेजारच्या तारापूरच्या १९६९ सालच्या दोन अणुभट्ट्या आरंभी प्रत्येकी २१० मेगावॅटच्या होत्या. पुढे त्यांची क्षमता १६० मेगावॅट ठरवून त्या अनेक दशके चालवल्या गेल्या.

इथे चित्रफिती बनवणाऱ्यांनाही विचारायला हवे. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापला की काम संपत नाही. स्थिर आकृतीपुढे उभे राहून कोणी बोलत असेल तर मागे सतत तरंगणारे बुडबुडे कशाला? दाबण्याची रीत "काय बदलले" एवढेच लिहिते. त्या बुडबुड्यांनी दर फ्रेमला सगळेच बदलते, फाइल फुगते आणि मुलाचे लक्षही उडते. आकृतीवरची नावे इतकी बारीक का, की १०८० ओळींशिवाय वाचताच येऊ नयेत? ४८० ओळींची, एच.२६४ मधली, उतरवून घेता येणारी प्रत सोबत का नसावी? मोखाडा-जव्हारच्या शाळेत ती पेन ड्राइव्हने पोचेल आणि पंधरा वर्षांच्या संगणकावर चालेल. सुंदर ॲनिमेशन केल्याचे श्रेय निर्मात्यांनी जरूर घ्यावे, पण ते पोचले कुठवर, हाही त्यांच्याच कामाचा भाग आहे.

नवा संगणक कधीच घेऊ नये, असे नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. अशा यंत्रावर हलके लिनक्स बसवून, इंटरनेटपासून दूर ठेवून फक्त उतरवलेल्या चित्रफिती दाखवता येतात. मात्र त्याच संगणकावर शाळेचे ऑनलाइन अर्ज, निकाल आणि मुलांची माहिती भरली जात असेल, तर कार्डाचा विचार सोडा आणि नव्या यंत्रासाठी अर्ज करा.