रुळांखालचे विज्ञान

शालेय विज्ञान प्रदर्शनात आगगाडीची प्रतिकृती हमखास असते. हिंगोली जिल्ह्यातल्या अशाच एका प्रदर्शनातील प्रतिकृतीबद्दल, आणि तिच्या परीक्षणाबद्दलही, थोडे लिहावेसे वाटते.

थर्माकोलचा डोंगर, भुशाचे हिरवे गवत, स्थानकावर लुकलुकणारे दिवे. मांडणी देखणी होती, पण गाडी दर फेरीला एकाच जागी घसरे. दोन बाके जोडून त्यांवर थर्माकोल टाकला होता. बाकांची उंची सारखी नव्हती आणि रुळांचा सांधा नेमका बाकांच्या फटीवर आला होता. तिसऱ्यांदा गाडी घसरल्यावर एका मुलीने वहीच्या पुठ्ठ्याची घडी करून तिथे रुळाखाली सारली. गाडी सुरळीत धावली! परीक्षकांनी मात्र पुठ्ठा बाहेर डोकावतो म्हणून नाक मुरडले. माझ्या मते त्या प्रतिकृतीत अस्सल रेल्वे कुठे असेल तर ती त्या पुठ्ठ्यात होती. रूळ खचला की गँगमन स्लीपरखाली खडी ठासतात, ते याच कारणासाठी.

हिंगोलीच्या मुलांना हा विषय परका नाही. पूर्णा-अकोला मार्ग २००८ साली मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला. रुळांमधले अंतर १००० मिलिमीटरवरून १६७६ वर गेले. प्रतिकृतीत यातले काय होते? प्रमाणाचा उल्लेखच नव्हता. १:८७ हे प्रचलित प्रमाण घेतले, तर ब्रॉडगेजसाठी सुमारे १९ मिलिमीटर अंतर हवे. हा भागाकार सहावीतले मूलही करील.

डोंगरावरचा चढ तर १:१० इतका असावा. इंजिनाला बोटाने ढकलावे लागत होते. बोरघाटात १:३७ च्या चढाला मागून जादा इंजिने लावतात, हे तिथे सांगता आले असते. १:५० चा चढ धरला तर ८ सेंटिमीटर उंच पुलावर जायला ४ मीटर रूळ लागतो. म्हणजे आधी गणित, मग डोंगर.

पायासाठी खर्च फार नाही. सुताराकडच्या पट्ट्यांची चौकट, फूटभर अंतरावर आडव्या पट्ट्या, वर प्लायवूड. नुसत्या प्लायवूडवर रूळ ठोकले तर फळी ढोलासारखी घुमते. मध्ये बुचाच्या तक्त्याची पट्टी घातली की कंप शोषला जातो. पातळी बघायला गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरे. (या नळीवर एक स्वतंत्र तास सहज होईल.) पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे सहल नेलीत तर मुलांना गाड्या मनसोक्त बघू द्या, पण हे सारे कशावर उभे आहे, हेही परतताना विचारा.

परीक्षणाच्या तक्त्यात ‘सजावट’ असा रकाना होता, ‘दुरुस्ती’ असा नव्हता. पुठ्ठा का सारला, हे त्या मुलीला कुणी विचारलेच नाही. शेवटी मी विचारले.

“सर, तिथं बाक खाली हाय,” ती म्हणाली, “रुळाचा काही दोष नाही.”