रक्ताची वाफ आणि भीतीची जात

भयपट म्हटला की आपल्याकडं काय असतं? ओसाड वाडा, करकरणारं दार, पांढऱ्या साडीतली बाई, आणि स्मशानात बसलेला काळा, केस पिंजारलेला कुणीतरी. त्या कुणीतरीचं घर कुठं असतं, एवढंच विचारा. गावकुसाबाहेर. म्हणजे प्रेक्षकानं भ्यायचं कुणाला, तर आपल्याला.

भुतांनासुद्धा जात आहे. मुंज झालेला पोरगा लग्नाआधी मेला तर तो मुंजा, त्याला पिंपळ राखीव. राखीव जागांवर बोंबलणाऱ्यांनी हा पिंपळ कधी मोजला नाही. आणि गावात कुणी मेलं की मयताचा सांगावा घेऊन रातच्याला परगावी कोण जायचं? महार. भुताच्या गोष्टी वाड्यात दिव्यापाशी रंगत होत्या आणि अंधारातून चालत होता आपला आजा. त्याला कशाचं भ्या वाटत होतं, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

म्हणून मी कमी पैशातल्या, प्रयोग म्हणून केलेल्या भयाच्या लघुपटांकडं वळलो. पैसा नसला की भूत रंगवता येत नाही. जे समोर आहे त्यातूनच भीती काढावी लागते.

१९४३ साली लॉस एंजलिसमधल्या एका घरात माया डेरेन आणि तिचा नवरा अलेक्झांडर हॅमिड यांनी १६ मि.मी.च्या कॅमेऱ्यावर 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' केला. चौदा मिनिटं. पात्रंही तेच दोघं. किल्ली, पावाची सुरी, फूल, काढून ठेवलेला फोन. काळा झगा घातलेलं कुणीतरी पुढं चालतं आणि त्याच्या तोंडाच्या जागी आरसा. एकाच बाईच्या तीन बाया होतात. मी पहिल्यांदा म्हणालो, ज्याच्या झोपडीला दारच नाही त्याला किल्लीचं कसलं भ्या? हे पोटभरल्यांचं दुखणं. तर वस्तीतली एक ताई फाडकन बोलली, "तुझ्या झोपडीला दार नसंल रे, पण बाईची भीती आतलीच असते." मी गप्प झालो. ती बरोबर होती. विद्रोहाच्या गप्पा मारणाऱ्या आपण पोरांनी हा लघुपट त्या ताईच्या डोळ्यानं एकदा बघावा.

पण मला हादरवलं ते दुसऱ्यानं. जॉर्ज फ्रांजूचा 'ल सांग दे बेत', म्हणजे जनावरांचं रक्त. साल १९४९, लांबी बावीस मिनिटांच्या आसपास. हा खरं तर माहितीपट. पण याच्यापुढं भुताचे सिनेमे म्हणजे जत्रेतले मुखवटे. सुरुवात पॅरिसच्या वेशीवर. उघड्या माळावर जुनापुराणा बाजार, टाकलेल्या वस्तू, चुंबन घेणारं जोडपं. तिथून थेट कत्तलखान्यात. पांढऱ्या घोड्याच्या कपाळाला पिस्तुलासारखं यंत्र टेकतं आणि चारही पाय एकदम मुडपून तो खाली येतो. गरम रक्ताची वाफ थंडीत वर चढते. मान कापलेल्या मेंढ्या रांगेत पडून पाय झाडतात. चित्र काळंपांढरं आहे म्हणून नजर ठरते, रंगीत असतं तर उठून गेलो असतो.

यात भूत कोण? खाटीक नाही. तो काम करतो. गाणं म्हणत काम करतो. एकाची कातडं सोलताना सुरी निसटली, मांडीची शीर तुटली, पाय कापावा लागला, तो लाकडी पायावर उभा राहून परत सोलतोय. आमच्या कार्डिंग खात्यात दोन बोटं गेलेला एक जण आहे, तोही तिसऱ्या पाळीला येतो. भूत आहे ते बाहेरचं शांत शहर. ताटात मांस पाहिजे आणि रक्त डोळ्याआड पाहिजे असं म्हणणारं.

एक मेंढा बाकीच्या मेंढ्यांना वाट दाखवत आत नेतो. त्याला रस्ता पाठ आहे. त्याचा जीव वाचतो. मी कुठल्या गटाचं नाव घेत नाही. ज्याचं त्यानं ओळखावं.

तरी माझी तक्रार आहे. फ्रांजूच्या कामगारांना तोंड नाही. बोलतो तो निवेदक. हात त्यांचे, शब्द दुसऱ्याचे. पांढरपेशा समीक्षक याला काव्य म्हणेल. मी म्हणतो, हे अर्धंच काम झालं.

उरलेलं अर्धं का महत्त्वाचं, ते सांगतो. ११ जुलै २०१६ ला गुजरातेत ऊना इथं मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना बांधून, उघडं करून मारलं. त्याचं चित्रण मारणाऱ्यांनीच मोबाइलवर केलं आणि दहशत बसावी म्हणून फिरवलं. खर्च शून्य, लांबी थोडी. हाही भयाचा लघुपटच होता, आणि त्याचे दिग्दर्शक ते होते. प्रेक्षक म्हणून आपण घरात दडून बसू, असा त्यांचा हिशेब होता. पण लोक रस्त्यावर आले. सुरेंद्रनगरला मेलेली जनावरं सरकारी कचेरीपुढं नेऊन टाकली. तुमची आई, तुम्हीच उचला. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं होतं, त्याचा धागा इथवर आला. चित्रपट त्यांचा, शेवट आपला.

तेव्हा मित्रांनो, हातात मोबाइल आहे तर हडळ शोधत फिरू नका. गटाराच्या झाकणापाशी कॅमेरा ठेवा. झाकण उघडलंय, माणूस आत उतरलाय, वरचा दोर हलायचा थांबलाय. संगीत लावू नका. आणि निवेदक नको. आतून आलेला माणूस स्वतः बोलेल, त्याला बोलू द्या. ज्यांना आजवर आपली भीती दाखवली गेली, त्यांना एकदा आपली भीती दिसू द्या.

जय भीम.