न ऐकू येणाऱ्या आवाजाचे दावे

कर्वेनगरात आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. सारी इमारत त्यांना बाई म्हणते. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी एका प्रदर्शनातून एक छोटेसे यंत्र आणले. ते भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचायचे, निळा दिवा लागला की झाले. खोक्यावर उंदीर, झुरळ, पाल, डास, कोळी आणि मुंगी यांची चित्रे होती आणि प्रत्येकावर लाल फुली. खाली लिहिले होते : ‘श्राव्यातीत ध्वनीचे तंत्र. विष नाही, वास नाही. शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध.’

पंधरा दिवसांनी बाईंनी सांगितले, “अहो, उंदीर गेले की! रात्रीची खुडबुड बंद.” आम्ही शंका काढली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “तुम्हा संशोधकांना निळा दिवासुद्धा संशयास्पद वाटतो.”

बाईंचा अनुभव खोटा नव्हता. खुडबुड खरोखरच थांबली होती. प्रश्न होता तो त्याच्या कारणाचा. म्हणून खोक्यावरचा दावा घेऊन तो प्रयोगशाळेतल्या एखाद्या गृहीतकासारखा तपासायचे आम्ही ठरवले. त्यासाठी तीन साधे प्रश्न पुरतात. त्या प्राण्याला तो आवाज ऐकू येतो का? आवाज त्याच्यापर्यंत पोचतो का? आणि ऐकू आला तर तो घर सोडून जातो का?

पहिला प्रश्न कानांचा. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ या टप्प्यातले ध्वनी ऐकू येतात. त्यापलीकडचे ते श्राव्यातीत. उंदरांना ते नक्की ऐकू येतात. घरातल्या मोठ्या उंदराची श्रवणशक्ती सुमारे ८० किलोहर्ट्झपर्यंत पोचते आणि धोका दिसला की तो स्वतःच २२ किलोहर्ट्झच्या आसपास ओरडतो. म्हणजे उंदरापुरती ही कल्पना अगदीच निराधार नाही, हे मान्य केले पाहिजे.

पण खोक्यावरची बाकीची चित्रे पाहा. झुरळाला आपल्यासारखा पडदा असलेला कान नाही. पायांतील संवेदी अवयवांनी त्याला जमिनीची कंपने कळतात आणि शेपटीकडच्या दोन शृंगिकांवरील केसांनी हवेची झुळूक कळते. म्हणूनच आपली चप्पल खाली येण्याआधी ते सटकते. कोळीही कंपनांवरच जगतो. पालीचे ऐकणे मुख्यतः काही हजार हर्ट्झच्या टप्प्यातले, जवळजवळ आपल्याच आवाक्यातले.

डासाची गोष्ट अधिक गमतीची आहे. त्याच्या स्पर्शिकांच्या मुळाशी जॉन्स्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा अवयव असतो. मादीच्या पंखांची काही शे हर्ट्झची गुणगुण नराला त्यानेच कळते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एडिस इजिप्ती डासांचे नर-मादी आपल्या पंखांचे वरचे स्वर १,२०० हर्ट्झच्या आसपास जुळवून घेतात, असे दिसले. डासांना सुमारे २,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी जाणवतात, असेही त्यात आढळले. २० किलोहर्ट्झ तेथून फार दूर आहे. आता काही यंत्रांची जाहिरात म्हणते की आमचे यंत्र नर डासाची गुणगुण काढते आणि त्यामुळे चावणारी मादी पळते. पण नराची गुणगुण माणसाला स्पष्ट ऐकू येते! मग ‘न ऐकू येणारा आवाज’ कुठला? एकाच खोक्यावर हे दोन्ही दावे असतील, तर त्यांतला एक तरी खोटा असलाच पाहिजे.

खरे म्हणजे श्राव्यातीत ध्वनीला घाबरणारे कीटक निसर्गात आहेत. वटवाघूळ शिकारीसाठी असा ध्वनी सोडते आणि काही जातींचे पतंग तो ऐकून गिरकी घेतात किंवा खाली झेप टाकतात. पण पतंगाला तसा कान आहे. एका कीटकाचा गुण सर्व कीटकांना चिकटवायचा, ही जाहिरातीची जुनी हातचलाखी आहे.

दुसरा प्रश्न भौतिकशास्त्राचा. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आहे. ४० किलोहर्ट्झ वारंवारतेला तरंगलांबी येते ३४३ भागिले ४०,०००, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. आपल्या बोलण्याचे तरंग कित्येक सेंटिमीटर ते दोन-तीन मीटर लांबीचे असतात, म्हणून ते दारा-कपाटांना वळसा घालून पलीकडे जातात. साडेआठ मिलिमीटरच्या तरंगाला तसे फारसे वळता येत नाही. कपाटामागे प्रकाशाची सावली पडावी तशी या ध्वनीची सावली पडते. गादी, पडदा, कपड्यांचा ढीग तो शोषून घेतात आणि भिंतीपलीकडे तो जवळपास जात नाही.

अंतराचा हिशोबही करून पाहू. एका मीटरवर ९० डेसिबल आवाज आहे असे धरा. अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते, म्हणून चार मीटरवर राहतात ७८. शिवाय या वारंवारतेला हवाच दर मीटरमागे सुमारे एक डेसिबल किंवा थोडा अधिक खाते. हाती उरतात ७४-७५ डेसिबल, म्हणजे तीव्रता पस्तीस-चाळीस पटींनी कमी. हे झाले मोकळ्या खोलीतले. उंदीर मात्र राहतो ओट्याखाली, माळ्यावर आणि फ्रिजमागे, म्हणजे नेमका सावलीत. तरी खोक्यावर बिनदिक्कत छापलेले असते की एक यंत्र संपूर्ण घराला पुरेल.

तिसरा प्रश्न वागणुकीचा. नवा आवाज आला की उंदीर काही दिवस बिचकतो. पण आवाजामागून संकट येत नाही आणि अन्न मात्र जागेवर आहे, हे कळले की तो सरावतो. रेल्वे रुळाशेजारी राहणाऱ्या माणसाला गाडीच्या आवाजाने जाग येत नाही, तसेच हे. याचा पुरावा बाईंच्याच घरात होता. मांजरालाही ६० किलोहर्ट्झच्या वरचे ध्वनी ऐकू येतात आणि बाईंची मनी त्याच यंत्राखाली पाय ताणून झोपत असे. एक तर यंत्रातून फारसे काही निघत नव्हते, किंवा निघणारे मनीने केव्हाच पचवले होते.

तर्क पुरे, आता प्रत्यक्ष चाचण्या पाहू. डासांबद्दलचा निकाल सर्वांत स्पष्ट आहे. इनायती, हेमिंग्वे आणि गार्नर यांनी २००७ साली कॉक्रेन संस्थेसाठी दहा क्षेत्रीय अभ्यासांचा आढावा घेतला. यंत्र चालू असताना आणि नसताना उघड्या त्वचेवर किती डास बसतात, हे त्यांत मोजले होते. यंत्राने डास कमी झाल्याचे दिसले नाही. उलट १५ पैकी १२ प्रयोगांत यंत्र चालू असतानाच अधिक डास बसले. मलेरिया टाळण्यासाठी ही यंत्रे विकण्याला काहीही आधार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याआधी २००१ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा यंत्रांच्या साठाहून अधिक उत्पादकांना व विक्रेत्यांना इशारापत्रे पाठवून बजावले होते की दाव्याला शास्त्रीय पुरावा लागतो.

मग बाईंचे उंदीर गेले कसे? थोडी चौकशी करताच उलगडा झाला. त्याच आठवड्यात इमारतीला रंग द्यायचा म्हणून जिन्याखालची वर्षानुवर्षांची रद्दी आणि पोती हलवली होती. उंदरांची वसाहतच उठली होती. पण ‘यंत्र लावले, नंतर उंदीर गेले, म्हणजे यंत्रामुळे गेले’ ही साखळी मनाला इतकी सोपी वाटते की जिन्याखाली पाहायचे सुचतच नाही. दोन महिन्यांनी खुडबुड पुन्हा सुरू झाली. तेव्हा बाई म्हणाल्या, “बहुतेक यंत्र जुनं झालं.” यश आले तर श्रेय यंत्राचे आणि अपयश आले तर दोष दुसऱ्या कशाचा, असा हिशोब एकदा मांडला की कोणताही दावा कधीच खोटा ठरत नाही.

चारशे-पाचशे रुपये वाया गेले, एवढ्यावर हे थांबते तर आम्ही लेख लिहिला नसता. पण निळ्या दिव्याच्या भरवशावर बाईंनी कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे दर आठवड्याला रिकामा करणे सोडून दिले. ऑगस्टात त्यांच्या नातवाला डेंग्यू झाला. तो डास घरातला की शाळेतला, हे कुणालाच सांगता येणार नाही आणि आम्हीही सांगत नाही. ताटलीत मात्र अळ्या होत्या, त्या आम्ही पाहिल्या. मुठेकाठच्या या भागात हा धोका कल्पनेतला नाही. २०२४ च्या जूनमध्ये आमच्या शेजारच्याच एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले आणि झिकाही पसरवतो तो एडिस डासच. निरुपयोगी उपायाचा खरा अपाय हा असतो : तो उपयोगी उपायाची जागा अडवतो.

उपयोगी उपाय साधे आहेत आणि त्यांना दिवा नसतो. एडिसला अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा साचलेले पाणी ओतून भांडी घासून कोरडी करावीत. खिडक्यांना जाळ्या लावाव्यात. लहान उंदीर बोटाच्या जाडीपेक्षाही लहान भोकातून आत येतो, तेव्हा नळांभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवाव्यात आणि रात्री खरकटे उघडे ठेवू नये.

शिक्षकांना मात्र आमची वेगळीच विनंती आहे. असे यंत्र कुणाच्या घरी असेल तर ते वर्गात आणा. दोन सारख्या खोल्यांत झुरळांसाठी चिकट पुठ्ठे ठेवा. एक आठवडा यंत्र पहिल्या खोलीत, पुढचा आठवडा दुसऱ्या खोलीत, असे किमान चार आठवडे करा. दिवा कागदाने झाका आणि यंत्र कधी चालू, कधी बंद, हे मोजणाऱ्या मुलांना कळू देऊ नका. शेवटी आकडे फळ्यावर मांडा. उंदरांच्या लेंड्यांना मुलांनी हात लावू नये, त्यातून रोग होतात. डास अंगावर बसवून मोजण्याचा प्रयोग तर मुळीच नको. आकडे काहीही येवोत, तुलना कशी करतात हे मुलांना कळेल आणि ते यंत्रापेक्षा जास्त टिकेल.

ग्राहक चळवळ या शहराला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातच ग्राहक पंचायत सुरू केली. आज २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण कायद्याआधी प्रश्न विचारावा लागतो. ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ असे वाचले की विक्रेत्याला विचारावे : कुणी सिद्ध केले, कोणत्या प्राण्यावर, किती अंतरावर, आणि यंत्र बंद असताना काय दिसले? वारंवारता आणि डेसिबल खोक्यावर का नाहीत?

बाईंनी यंत्र अजून काढलेले नाही. दिवा रात्री उपयोगी पडतो, म्हणतात. ताटल्या मात्र आता दर रविवारी नातूच ओततो.